बाळाच्या वजनाची खडी

माझे दाजी कुठल्याही गोष्टीचं आधी वजन विचारतात. नवी उशी आणा, भोपळा आणा, कोणाकडे सासरहून मुलगी येऊ द्या, यांचा पहिला प्रश्न ठरलेला. एकदा मी आजारातून उठले, तेव्हा बरं वाटतंय का हे विचारायच्या आधी त्यांनी मला काट्यावर उभं केलं. तो काटा डंपर मोजायचा. माझं वजन त्यावर शून्य आलं. "तरी म्हटलं, मग एवढा आवाज येतो कुठून," असं म्हणून पुढे कितीतरी दिवस ते स्वतःशीच हसत होते.

त्यांचं कामच ते. दगडखाणीच्या फाटकाशी जमिनीत बसवलेला एक लोखंडी वजनकाटा आहे आणि त्याला लागून एक खोली. खडीने भरलेला डंपर काट्यावर येऊन उभा राहतो, दाजी खिडकीतून आकडा बघतात आणि हात हलवून त्याला पुढे सोडतात. सगळी वस्ती त्यांना काटेवाले म्हणते. मी त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, खाणीतल्या लोकांचे कपडे शिवते, उसवलेले सांधते, आणि मेव्हणीच्या हक्काने दाजींना तोंडाला येईल ते बोलते. ते ऐकून घेतात. ताईला आवडत नाही. तिच्या मते तिच्या नवऱ्याला बोलायचा हक्क फक्त तिचा आहे.

दाजी जन्मापासून काट्यावर नव्हते. तरुणपणी ते खाली खाणीतच दगड फोडायचे. एकदा वरचा कडा सरकला आणि एक धोंडा त्यांच्या उजव्या खांद्यावर आला. हाड जुळलं, पण तो हात छातीच्या वर काही जाईना. खाणीने त्यांना काट्यावर बसवलं. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावत बसला असता. हे त्या काट्याच्या प्रेमात पडले. माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही, हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी आता मधेच तोडते.

त्यांना एकच मुलगी, तीही बरीच वाट बघितल्यावर झालेली. आमची वस्ती वर आणि बाकी सगळं जग खाली. शाळा खाली, बस खाली, दवाखाना खाली. मधला रस्ता म्हणायचा म्हणून रस्ता. डंपरांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मधे धोंडे, कडेला चर आणि सगळ्यावर दगडाची भुकटी. या खाणीच्या खडीने कुठले कुठले रस्ते झाले, पण आमच्या रस्त्यावर कोणी घमेलंभर टाकली नाही. त्या रस्त्याने दाजींनी आपल्या मुलीला डाव्या खांद्यावर बसवून शाळेत नेलं, आणलं. ती त्यांचे केस धरून बसायची. मोठी झाली, शिकायला शहरात गेली आणि जाताना सांगून गेली, "बाबा, मी इथे राहायला परत नाही यायची." दाजी म्हणाले, "बरोबर आहे." मग माझ्याकडे येऊन बसले. मी मशीन चालवत होते आणि ते सुयांची डबी उघडत होते, बंद करत होते. शेवटी मी ती डबी त्यांच्या हातातून काढून घेतली.

भाची शहरात इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिचा नवरा जहाजावर असतो, एकदा गेला की महिनोन्महिने समुद्रात. ती बाळंत झाल्याचा फोन आला, तेव्हा दाजींनी मुलगा की मुलगी हेही विचारलं नाही. "वजन किती?" पलीकडून जे उत्तर आलं ते ऐकून त्यांनी फोन ताईच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. पोर दिवस भरायच्या आधीच आली होती. छटाकभर जीव. मी तिला छटाकच म्हणायला लागले, आणि माझी बाकी कुठलीच गोष्ट न ऐकणाऱ्या या घराने ते नाव मात्र लगेच उचललं.

छटाक जगली, हळूहळू भरली, पण छाती नाजूक राहिली. भाचीची रजा संपत आली. पाळणाघरात ठेवलं की पोर आजारी पडणार हे डॉक्टरांनी सांगूनच टाकलं होतं. तेव्हा तिने ताईला विचारलं, "आई, वर्षभर सांभाळशील हिला?" ताईने फोन ठेवला आणि कपाटाचा मधला खण रिकामा करायला घेतला. रडत होती आणि साड्या काढत होती.

घोडं अडलं ते रस्त्यावर. छटाकला दर आठवड्याला दवाखान्यात दाखवावं लागणार होतं. ताईची कंबर गेलेली, मूल कडेवर घेऊन तो उतार तिला झेपणारा नव्हता. दाजींचा एकच हात कामाचा. त्यात मूल धरलं तर घसरल्यावर आधाराला काय धरणार? डंपरमध्ये माणूस बसवायला खाणीची सक्त मनाई, एका ड्रायव्हरची नोकरी त्यापायी गेलेली. भाचीने स्पष्टच सांगितलं, "बाबा, हातात घेऊन तुम्ही त्या रस्त्याने उतरायचं नाही. चांगली बाबागाडी मिळते का बघा. घडीची बघा, शहरात मोठ्या डॉक्टरांकडे आणायची वेळ आली तर बसमध्ये चढवता आली पाहिजे. मी येते, चार दिवस राहते, स्वतः बघते. जमतंय असं वाटलं तर ठेवून जाईन."

म्हणजे नात घरात येणार की नाही हे एका बाबागाडीवर येऊन ठेपलं. दाजींनी ते जितकं मनावर घेतलं तितकं त्यांनी स्वतःचं लग्नही घेतलं नव्हतं, असं ताई म्हणते.

दुकानात मी बरोबर गेले. एकट्याला पाठवलं असतं तर बाबागाडी सोडून तराजू घेऊन आले असते. दुकान चकाचक होतं, पायाखाली गुळगुळीत फरशी. तिथली मुलगी गोड बोलणारी होती. तिने आधी एक काटकुळी गाडी दाखवली. एका हाताने मिटायची, छत्रीसारखी काखेत मारायची. चाकं बशीएवढी. दाजींनी ती फरशीवर दोनदा पुढेमागे केली, मान हलवली, आणि खिशातून मूठभर खडी काढून फरशीवर पसरली.

"आजोबा, हे काय करताय," दुकानातली मुलगी म्हणाली.

"आमचा रस्ता आहे हा," दाजी म्हणाले.

गाडी दुसऱ्या खड्यालाच अडली. मुलगी बिचारी झाडू आणायला गेली. मी दुसरीकडे बघत उभी राहिले, जणू या गृहस्थांना मी ओळखतच नाही. दुसरी गाडी चार मोठ्या चाकांची होती, चांगली पसरट. खडीवरून ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली. पण मिटल्यावरही ती एवढी राहायची की बसमध्ये तिलाच सीट द्यावी लागली असती, आणि दाजींना ती एका हाताने उचलेना. त्यांनी दोनतीनदा प्रयत्न केला. मान लाल झाली. मी म्हटलं, "पुरे आता."

तिसरी तीन चाकांची. पुढे एक, मागे दोन. चाकांत हवा भरायची, सायकलच्या चाकासारखी. अंगाने अरुंद, घडी छोटी, आणि एका हाताने उचलता येणारी. खडीवर पुढचं चाक धोंडा बघून आपणच बाजूने निघायचं. दाजींचा चेहरा उजळला. त्या मुलीने मात्र त्यांना थांबवलं. ती म्हणाली, "ही चांगली आहे आजोबा, पण जरा जपून वापरावी लागते. अरुंद आहे ना. बाळ एका बाजूला झुकलं की कलते. तुम्ही बाळाला घेऊन या, बसवून बघा, मग घ्या."

"बाळ लांब असतं," दाजी म्हणाले. "बाळाचं वजन मला माहीत आहे. तेवढं पुरे."

ती मुलगी आणखी काहीतरी सांगत होती, पण तोवर दाजी गाडीची घडी घालायला शिकत होते.

घरी आल्यावर त्यांनी भाचीला फोन करून छटाकचं ताजं वजन विचारून घेतलं. काट्याच्या खोलीत नमुन्याची खडी मोजायला एक छोटा तराजू आहे. त्यावर त्यांनी बरोबर तेवढी खडी तोलली, शेवटी तर एकेक खडा टाकत, काढत. पिशवी मी शिवली. जाड कापडाची, बसकी, गाडीच्या बैठकीत नीट बसेल अशी. तिला पट्टा लावला, टप वर केला आणि दाजी आपली खडीची नात घेऊन फिरायला निघाले.

रोज संध्याकाळी काटा बंद झाला की ते निघायचे. वस्तीला फुकटची करमणूक झाली. ड्रायव्हर डंपर हळू करून विचारायचे, "काटेवाले, नात फार शांत आहे हो." दाजी म्हणायचे, "आजोबांवर गेलीय." पाण्याच्या टाकीखाली एक वळण आहे. तिथे रस्ता चराच्या बाजूला उतरता आहे आणि डंपरांनी चाकोरी खोल कापलीय. त्या वळणावरून त्यांनी गाडी हळू नेली, जोरात नेली, चाकोरीतून नेली, चाकोरीच्या काठावरून नेली. गाडी हलायची, डुलायची, पण पडली नाही. एके दिवशी माझ्या दारात येऊन ते म्हणाले, "पास." इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलेत. मी म्हटलं, "पेढे... जाऊ दे, चहा तरी पाजा." त्यांनी चहा स्वतः केला, आणि तो अगदीच वाईट होता.

भाची आली. दाजी बाबागाडी घेऊन बसथांब्यावर आधीच जाऊन उभे होते, मीही बरोबर. चढताना छटाक झोपलेली होती, गाडीत मागे रेलून. काही झालं नाही. भाची दर दोन पावलांनी वाकून बघत होती, आणि दाजी माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवत होते.

ते दिवस चांगले गेले. ताईच्या कमरेला काय झालं कोण जाणे, ती दुखायचीच थांबली. दाजींनी नमुन्याच्या तराजूत टॉवेल घालून छटाकला तोललं, आणि खडीच्या पिशवीइतकंच वजन भरल्यावर ते वस्तीभर सांगून आले. आणि गंमत म्हणजे छटाकला खाणीच्या आवाजात गाढ झोप लागायची. खडीचं मशीन बंद पडलं की जागी व्हायची. भाची माझ्याकडे येऊन म्हणाली, "मावशी, शहरात ही एवढी झोपत नाही गं." तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांचा शीण होता. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तिने छटाकची झबली बॅगेतून काढून ताईच्या कपाटातल्या मधल्या खणात लावली होती. ताई मला तो खण दाखवायला हाताला धरून घेऊन गेली. दोघी तिथे उगाच उभ्या राहिलो.

मग दवाखान्याचा दिवस आला. भाची म्हणाली, "आज तुम्हीच न्या बाबा. मी मागून येते, मला बघायचंय." ताई घरी थांबली. दाजींनी छटाकला बसवलं, पट्टा लावला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. डाव्या हाताने दांडा धरला. उजवा हात आपला सोबतीला दांड्यावर ठेवलेला. मी आणि भाची मागे.

या वेळी छटाक जागी होती. आजवर तिने डंपर एवढ्या जवळून पाहिला नव्हता. टाकीच्या वळणावर समोरून एक पिवळा डंपर चढत आला. ड्रायव्हर ओळखीचा, त्याने गाडी हळू केली, आम्ही कडेला झालो, कोणाचंच काही चुकत नव्हतं. डंपर बाजूने जायला लागला तशी छटाक दोन्ही हात पसरून त्याच्याकडे बघत बघत वळली. आणि तो मागे गेला तेव्हा ती सगळीच्या सगळी, पट्ट्यासकट, बाजूला झुकली. मागचं एक चाक चाकोरीच्या काठावर होतं. गाडी कलली. दाजींच्या डाव्या हाताला दांडा पेलेना. त्यांनी उजव्या हाताने टप धरायला झेप घेतली. तो हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला, जिथे तो कायम थांबतो. गाडी चरात आडवी झाली.

क्षणभर छटाकचा आवाजच आला नाही. मग आला.

टपाची सळई तिच्या भुवईवर लागली होती. रक्त होतं, भुकटी होती, आणि भाची ते पट्टे सोडवत होती, पट्टा सुटत नव्हता. मी पट्टा सोडवला. तिने पोरीला छातीशी धरलं आणि धावतच उतारावरून खाली गेली. मी तिच्यामागे. वळून बघितलं तर दाजी तिथेच उभे होते, उजवा हात अजून तसाच पुढे धरून.

जखम मोठी नव्हती. एक टाका पडला. डॉक्टर म्हणाले, मुलं पडतातच. दाजी मागाहून आले, रिकामी गाडी ओढत. त्यांना आत यायचा धीर झाला नाही. व्हरांड्यात बाळांचं वजन करायचा तराजू होता, त्याच्यासमोरच्या बाकावर ते बसून राहिले.

परत चढताना भाचीने पोर कोणाच्या हातात दिली नाही. ती पुढे, मी मध्ये, दाजी मागे. खडीवरून रिकाम्या गाडीचा खडखडाट येत होता. घरी आल्यावर ताईने टाका बघितला आणि तोंडावर हात धरला. दाजीच आधी बोलले.

"मी रोज नेऊन बघितली होती गं. वजन बरोबर तेवढंच होतं."

"ती खडी नाहीये, बाबा," भाची म्हणाली. "ती हलते."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळूच बोलली, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं. मग म्हणाली, "मला तुमचा राग नाही आलाय. खरंच नाही. पण मी हिला इथे नाही ठेवू शकत." आणि ताईच्या कपाटातल्या मधल्या खणातून तिने झबली काढली. ताई स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडला.

बसथांब्यावर दाजींनी गाडीची घडी घालून पुढे केली. "राहू दे इथेच," भाची म्हणाली. बस गेली. दाजींनी घडी घातलेली गाडी काखेत मारली आणि आम्ही दोघं वर आलो.

त्यानंतर दाजींनी पुन्हा तीच बसकी पिशवी गाडीत ठेवली आणि त्याच वळणावर गेले. गाडी पडेना. परत नेली, पडेना. अगदी त्याच काठावर त्याच चाकाने नेली. पडेना. कित्येक संध्याकाळी त्यांनी तेच केलं. आता ड्रायव्हर नुसते पुढे निघून जात. एक दिवस ते माझ्या दारात आले, अंगभर भुकटी. म्हणाले, "मला कळत नाही. वजन तेवढंच आहे. आकडा तोच आहे."

मला रागच आला. त्यांचा आला, काट्याचा आला, सगळ्याचाच आला. म्हटलं, "दाजी, तुमची पिशवी डंपर बघायला वळत नाही. तिला डोकं नाही. ती बूड टेकून बसते."

त्यांनी उंबऱ्याशी अंगावरची भुकटी झटकली. मग म्हणाले, "उंच शिवून देशील?"

मी शिवून दिली. बाळाच्या उंचीची, खाली निमुळती आणि वर भरलेली. खडी तितकीच. त्या पिशवीला दोरी बांधून त्यांनी वळणावर ती बाजूला ओढली, आणि गाडी पहिल्याच खेपेला चरात गेली. दाजी रस्त्याच्या कडेला धोंड्यावर बसले. मला वाटलं, आता हा माणूस रडणार. पण ते फक्त एवढंच म्हणाले, "त्या दुकानातल्या मुलीने सांगितलं होतं."

शहाणा माणूस तिथे थांबला असता. दाजींनी वस्तीतल्या वेल्डरला गाठलं. त्याच्याकडून मागच्या चाकांचा आस लांब करून घेतला, चाकं एकमेकांपासून लांब बसवली, दांड्याला दुहेरी पकड लावली म्हणजे डाव्या हाताला जोर यावा. गाडी आता बसमध्ये मावली नसती, पण तो प्रश्न उरलाच नव्हता. उंच पिशवी कशीही ओढली तरी गाडी आता पडत नव्हती. हे त्यांनी भाचीला सांगितलं नाही. ताईला सांगायची सोय नव्हती, ती गाडी तिला डोळ्यासमोर नको असायची. कपाटाचा मधला खण मात्र तिने रिकामाच ठेवला. साड्या खुर्चीवर पडून असतात, पण त्या खणात जात नाहीत.

भाचीचा फोन यायचा, अजूनही येतो. छटाकला तिने पाळणाघरात घातलं. मधे पोर दोनदा आजारी पडली, एकदा इस्पितळात ठेवावी लागली. शेवटी फोन हातात आला की दाजी एकच विचारायचे, "वजन किती झालं?" आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन माझ्याकडे यायचे. मी तोंड उसवायचे, ते वाढलेली खडी घालायचे, मी परत शिवायचे. मी करवादायचे, सुया मोडतात म्हणायचे, वेड लागलंय तुम्हाला म्हणायचे. ते म्हणायचे, "पोर वाढतेय, तर हिलाही वाढायला नको?" एकदा आजारपणात छटाकचं वजन उतरलं, तेव्हा त्यांनी खडी काढायला लावली. काढलेली खडी मुठीत घेऊन ते घरी गेले. त्या दिवशी मी करवादले नाही.

त्या पिशवीला कापड कितीदा वाढवलं याचा मी हिशोब ठेवला नाही. नवे ड्रायव्हर आले की विचारतात, हे म्हातारबुवा गाडीतून काय नेतात. जुने सांगतात, जाऊ दे, बाजूने घे.

परवा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. फोन मोठ्या आवाजावर होता. दाजींनी नेहमीप्रमाणे वजन विचारलं. भाची हसली. म्हणाली, "बाबा, वजन काय विचारता सारखं? चालायला लागलीय ती. गाडीत बसवलं तर किंचाळते, मला उतरव म्हणून. इथे घेतलेली बाबागाडी कधीच देऊन टाकली आम्ही." मागून छटाकचा आवाज येत होता, काहीतरी आपटल्याचा, आणि धावल्याचा.

"चालते?" दाजी म्हणाले.

"चालते काय, पळते."

"वा," दाजी म्हणाले, आणि फोन ताईकडे दिला. ताई बोलत राहिली, दात किती आले, काय खाते. ठेवताना तिने विचारलं, "मग कधी येताय?" भाची म्हणाली, "बघू." ताईने फोन पदराने पुसला आणि जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी काटा बंद झाल्यावर दाजी गाडी घेऊन निघाले. माझ्या दाराशी थांबून म्हणाले, "कात्री घेऊन येशील का जरा?" मी कात्री घेतली, चप्पल घातली. टाकीच्या वळणावर त्यांनी गाडी उभी केली, पट्टा सोडवला, पिशवी डाव्या हाताने छातीशी धरून उचलली आणि खाली ठेवली. चांगलीच जड झाली होती ती. मी शिवण उसवली. त्यांनी ती सगळी खडी खोल चाकोरीत ओतली, जिथे गाडी कलली होती तिथेच. मग पायाने पसरली आणि वर उभं राहून दाबली.

"चालायला लागलीय म्हणते," ते म्हणाले. "इथे पाय मुरगळेल तिचा."

मला म्हणायचं होतं, दाजी, ती येते म्हणालेली नाही. मला म्हणायचं होतं, उद्या सकाळी डंपर हे सगळं भुईसपाट करतील. तेवढ्यात खालून एक डंपर आलाच. आम्ही बाजूला झालो. तो त्या खडीवरून गेला, निम्मी उडून चरात गेली. धूळ बसेपर्यंत दाजी थांबले. मग वाकून बघितलं. थोडी उरली होती.

"अजून लागेल," म्हणाले.

आम्ही वर काट्याशी आलो. तिथल्या खडीच्या ढिगाऱ्यातून ते घमेल्याने गाडी भरायला लागले. खोलीत नमुन्याचा तराजू होता, दार उघडंच होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. गाडी काठोकाठ भरली, आणि ती भरलेली खडी न मोजताच ते उताराला लागले.